चौथी कॅसेट पाठवत नाही

मंगळवार, ४ मार्च

ठोक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसणार नाही.

तुझं कार्ड पोचलं. सव्वीस वर्षांनी दोन ओळी. ‘आत्या, माझी कॅसेटची पेटी अजून असेल तर पाठव. मुलीला ऐकायच्या आहेत.’ खाली पत्ता. फोन नंबर नाही, सही नाही. अक्षरावरून ओळखलं. ओळ अजून उजवीकडे खाली घसरते, दोरीवर ओली चादर टाकल्यासारखी.

तुला मुलगी आहे हे मला या कार्डावरून कळलं. असो.

पेटी आहे. मी ती टाकून दिली असं तुला वाटलं असेल, पण मी मोटरचा गंजका स्क्रूसुद्धा टाकत नाही हे तू विसरलास. माळ्यावर वार्निशच्या डब्यांमागे होती. झाकणाच्या आत तुझी यादी अजून चिकटलेली आहे. पहिला नंबर कुठल्या कॅसेटला, दुसरा कुठल्या, आणि खाली लाल शाईत ‘यावर वाद नको’. वाद घालायला घरात होतं कोण? मीच.

आता नीट वाच. सगळ्या एकदम पाठवणार नाही. टपालात पेटी गहाळ झाली तर पाचही गेल्या. एकेक पाठवते. मिळाली की कळव, मग पुढची.

आणखी एक. पाठवायच्या आधी ऐकून बघते. इतकी वर्षं पडून असलेली वस्तू चालवून न बघता कोणाच्या हातात देणं मला जमत नाही. तुझाच टेप उघडला. आतला पट्टा वितळून डांबर झाला होता. तो खरवडला, दुसरं रबर बसवलं. चालला.

तर पहिली कॅसेट, करवतीच्या पात्याचं चित्र असलेली. पाचही तुझ्या त्या केसाळ बँडच्याच, ही त्यांची पहिली कमाई. तू तेव्हा सांगायचास की यांच्याइतकं जोरात जगात कोणी वाजवत नाही. मला तसं काही दिसलं नाही. ओल्या दोरखंडाने रणगाडा ओढावा तसं वाजतंय. गाणारा जांभई देता देता ओरडतो. तू तिला तिसरा नंबर दिलायस. मी पाचवा देते.

सोबत पाठवली आहे, दोन फडक्यांत गुंडाळून. मिळाल्याचं नक्की कळव. टपालवाली अकराच्या सुमारास येते.

आत्या

बुधवार, १९ मार्च

ठोक्या,

तुझं कार्ड आलं. ‘मिळाली. तुझा टेप हळू चालतोय.’ एवढंच. पण बरोबर आहे तुझं. जन्म गेला जळलेल्या मोटरी नव्या तारेने बांधण्यात आणि पट्टा घसरतोय हे माझ्या कानाला कळलं नाही. लाज वाटली. आता नीट मापाचा पट्टा बसवलाय. पहिलीबद्दलचं मत मागे घेते. पण पुन्हा ऐकायला ती आता माझ्याकडे नाही, त्यामुळे मनात पाचवीच राहणार. त्याला माझा इलाज नाही.

दुसरी, हिरवी. पाण्यात उतरत गेलेला जिना. तुझा पहिला नंबर. सुरुवातीला एकच गिटार इतकी हळू वाजते की मला वाटलं शेजारच्या खोलीत कोणीतरी भांडी पुसतंय. मी आवाज वाढवला. नेमकं तेव्हाच सगळे एकदम कोसळले. माझ्या हातातली तार सुटली, अख्खी कॉइल पुन्हा बांधावी लागली. पण कबूल करते, मोटर पूर्ण लोडवर आली की जमीन थरथरते ना, तसा थरथराट आहे यात. गाणाऱ्याचं एक अक्षर कळत नाही, पण त्याला कोणीतरी फसवलंय हे कळतं. चांगली कॅसेट आहे. दुसरा नंबर.

पहिला का नाही ते सांगते. तिसऱ्या गाण्यात तुझा तो ठोकणारा घाई करतो. दोन्ही पायांनी असा सुटतो की बाकीच्यांना त्याच्यामागे धावत सुटावं लागतं. तुलाही हीच खोड होती. गिटार घेऊन बसलेला बगळा तुला सारखा म्हणायचा, अरे, थांबलास तर कोणी तुझे ड्रम उचलून नेत नाही.

बगळ्याचं नाव निघालं. काढायचं नव्हतं. शाईने लिहिलंय, खोडत नाही.

तो इथेच आहे. दोन गल्ल्या सोडून लाँड्री चालवतो. मान तशीच लांब, केस मात्र गेले. त्याच्या मशीनच्या मोटरी माझ्याकडेच येतात. चादरींच्या घड्या असा भराभर घालतो की बघत राहावं. डाव्या हाताचं एक बोट वाकत नाही, का ते तुला माहीत आहे. लग्न झालं, बायको चांगली आहे, गिटार वाजवत नाही.

पेटीच्या तळाशी आणखी एक किरकोळ कॅसेट आहे. तिचं शेवटी बघू.

हिरवी मिळाल्याचं कळव. वाट बघते म्हणजे काही दारात उभी राहत नाही, पण कळव.

आत्या

गुरुवार, ३ एप्रिल

ठोक्या,

पंधरा दिवस झाले, काही नाही. मागच्या वेळी तुझं कार्ड दहा दिवसांत आलं होतं. टपालवाली आता कोपऱ्यावरूनच मान हलवून नाही सांगते, पायरीपर्यंत येतही नाही. पार्सल पोचलं नसेल तर तसं सांग, मी इथे पोस्टात जाऊन उभी राहते. की बगळ्याचं लिहिलं म्हणून रागावलास? रागावला असशील तर रागावलोय एवढं तरी लिही.

तिसरी ऐकली. काळी, मधे रिकामी खुर्ची. तुझा दुसरा नंबर. मला पटत नाही. नऊ नऊ मिनिटांची गाणी. केसाळांना आता आपण शहाणे झालो असं वाटायला लागलेलं दिसतंय. एक चाल धरतात, सोडतात, दुसरी धरतात, पुन्हा पहिलीवर येतात. घर साफ करायला घ्यावं आणि प्रत्येक खोलीत अर्धंच झाडून पुढे जावं तसं. वाजवतात मात्र घोटून. एक स्वर इकडचा तिकडे नाही. मी तिसरा नंबर दिला, तोही मन मारून.

दुसऱ्या बाजूचं ते लांबलचक गाणं लागलं तेव्हा बगळा दुकानात होता. मोटर घेऊन आला होता. टेप बंद करायला मी उठले, पण त्याने ऐकलं होतं. दारातच उभा राहिला. म्हणाला, आत्या, तुम्ही आणि हे? मी म्हटलं, माळा साफ करतेय, टेप चालतो का बघत होते. मग मीच विचारलं, हा काय ओरडतोय एवढा? तो म्हणाला, कोर्टाचं गाणं आहे. साक्षीदाराने सगळं पाहिलेलं असतं, पण तो खुर्चीवर बसून राहतो, बोलत नाही, आणि भलताच माणूस लटकतो.

मी टेप बंद केला. म्हटलं, डोकं दुखतंय.

जाताना त्याने विचारलं, ठोक्याचं काही कळलं का? मी नाही म्हटलं. तुझी दोन कार्डं माझ्या चष्म्याच्या डबीत होती आणि डबी त्याच्या कोपरापाशी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्याची मोटर मी तीन दिवस उघडलीही नाही.

काळी पाठवतेय. मिळाली की लिही. दोन्हींचं लिही.

आत्या

सोमवार, २१ एप्रिल

ठोक्या,

आलं तुझं कार्ड. या वेळी चार ओळी. हिरवी आणि काळी दोन्ही मिळाल्या, तू कामावरून बाहेरगावी होतास, आणि मुलीला आता चौथी हवी आहे. तिने कुठेतरी थोडी ऐकली आणि तिच्या मते तीच सगळ्यांत भारी. ‘माझ्याच पोटी ही निघावी’ असं तू लिहिलंस. ते वाचून मी हसले. दुकानात एकटीच होते.

पोरगी बरोबर आहे. चौथी मी तीनदा ऐकली. पांढरी, तोंडाला पट्टी बांधलेला माणूस असलेली. तू तिला यादीत पाचवा नंबर देऊन पुढे लिहिलंयस ‘विकले गेले’. तेव्हा काय थयथयाट केला होतास तू. यांनी वेग सोडला, हे म्हातारे झाले, हे लोकांना खूश करायला लागले. जेवला नव्हतास त्या दिवशी. अरे, गाणाऱ्याचा गळा गेलाय, हे ऐकू येत नाही का? जुनं ओरडणं त्याला आता जमणार नाही. मग तो खाली उतरून गातो, जेवढा गळा उरलाय तेवढ्यात. आणि बाकीचे त्याच्यासाठी हळू झालेत. त्याला मागे टाकून पुढे गेले नाहीत. याला विकणं म्हणतात होय?

आणि ते पाचवं गाणं. भर जोरात असताना सगळे थांबतात. चार ठोके काहीच नाही. पहिल्यांदा मला वाटलं टेप बिघडला, मी पट्टा बघायला उठले. तेवढ्यात पुन्हा सुरू. ठोकायला काय, कोणीही ठोकतं. हात वर उचललेला असताना चार ठोके दम धरायचा, ते खरं. पहिला नंबर. यावर वाद नको.

पण ती पाठवत नाही. या पार्सलात पाचवी आहे, जळत्या घोड्याची. तिच्याबद्दल फार बोलायला नको. लोकांनी हळू झाले म्हटलं म्हणून पुन्हा जोरात वाजवायला गेले. म्हातारपणी केस काळे केल्यासारखं. चौथा नंबर, तोही पहिलीला मी चुकून पाचवा दिला म्हणून.

चौथी का नाही ते सांगते. पेटी टपालात हरवेल म्हणून एकेक पाठवते असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ती थाप होती. पेटी रिकामी झाली की तुझी कार्डं बंद होणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

आणि तळाशी ती सहावी आहे. किरकोळ नाही. तुला कळलं असेलच कुठली ते. तिच्यावर तुझ्या हातचं चित्र आहे, तुम्हा चौघांची तोंडं आणि मधे माझ्या दुकानाचं शटर.

आज तिचंच लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. गिऱ्हाईक आलंय.

आत्या

मंगळवार, ६ मे

ठोक्या,

आज कोणी आलं तरी उठणार नाही. शटर अर्धं ओढून बसलेय.

तुमच्या बँडची ती एकुलती एक कॅसेट बगळ्याने बिघडवली नव्हती. मी बिघडवली.

आता कसं ते. मधे थांबले तर पुन्हा व्हायचं नाही.

तुम्ही दोन दिवस त्या स्टुडिओत जाऊन सात गाणी भरून आणलीत. स्टुडिओवाल्याने मोठी टेप पुसून दुसऱ्या कोणासाठी वापरली, त्यामुळे होती ती हीच. कोणी वरून काही भरू नये म्हणून तू कॅसेटच्या वरच्या खाचेचा तुकडा माझ्या पेचकसाने तोडलास. मग बगळ्याकडे दिलीस जपायला, कारण तू वस्तू हरवतोस. कॅसेट कंपनीचा माणूस शनिवारी येणार होता, एकाच दिवसासाठी. शुक्रवारी बगळा दुकानात आला, कॅसेट माझ्या बाकावर ठेवली आणि तुला शोधायला मागच्या खोलीत गेला.

बाकावर लोखंडाचा कीस असतो, तुला माहीत आहे. मी बघितलं तर कॅसेटच्या स्क्रूंवर कीस बसला होता, आणि ती फोमची बारीक पट्टी असते तिथेही. मला वाटलं हा आत गेला तर टेप चरचरेल. फुंकून जाईना. मग मी रोज पेचकसाला करते तेच केलं. पेचकस चुंबक झाला, कीस धरायला लागला की काय करतो आपण? घुम्यावरून फिरवतो. मोटरचा आतला फिरता गाभा, आर्मेचर, तपासायचं ते आपलं यंत्र, बटण दाबलं की घूं करतं. त्याच्या जबड्यावर पेचकस धरायचा, हळूहळू लांब न्यायचा, चुंबक उतरतो, कीस गळून पडतो. मी कॅसेट तशीच धरली. दोन्ही बाजूंनी. नीट, सावकाश. मन लावून केलं मी ते. कीस पडला. वरून फडकं मारलं. बगळा आला, मी म्हटलं, घे, साफ केली.

सातवीत शाळा सुटलेल्या बाईला कॅसेटच्या आत काय असतं ते कोण सांगणार? पण हे कारण नाही. चुंबकाशी माझी तीस वर्षांची ओळख होती तेव्हाच. तुमचं गाणंही त्या पट्टीवर चुंबकानेच बसलेलं असतं, हे मला कळलं, पण शनिवारी संध्याकाळी.

शनिवारी तुम्ही परत आलात तेव्हा तुझं तोंड पांढरं होतं. त्या माणसासमोर कॅसेट लावली आणि नुसती खरखर. तो घड्याळ बघत उठून गेला. तू बगळ्याला म्हणालास, तू वरून पुसलंस, त्या दुसऱ्या बँडवाल्यांनी तुला फितवलंय. तो म्हणाला, अरे, खाच तोडलेली आहे, भरणार कसं? तू म्हणालास, खाचेवर चिकटपट्टी लावली की भरता येतं, मला शिकवू नकोस.

त्या वाक्याला मला कळलं. माझा हात घुम्यावरच होता, ठोक्या. मी तिथेच उभी होते, तुम्हा दोघांपासून चार पावलांवर.

बोलायला तोंड उघडलं. शपथ घालायची मला सवय नाही, पण उघडलं होतं. तेवढ्यात बगळ्याने कॅसेट बाकाच्या खणात ठेवली आणि तू खणाला लाथ घातलीस. त्याचा हात आत होता.

मग मी ठरवलं, आधी बोट, मग बोलू. त्याला डॉक्टरकडे नेलं. तो सगळा वेळ म्हणत होता, आत्या, त्याला बोलू नका, तो माझ्यावर चिडलाय, उतरेल. परत येईपर्यंत माझा धीर संपला होता आणि राग तेवढा उरला होता. तो तुझ्यावर काढला. मारकुट्याला माझ्या घरात जागा नाही, असं म्हणाले ना? शब्द न शब्द आठवतो. दादा गेल्यापासून, तू नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून, मी तुला वाढवलं, आणि दहा मिनिटांत बाहेर काढलं. तू पेटीही न घेता गेलास.

तू त्याला लाथेने जखमी केलंस, ती चूक तुझीच. ती मी माझ्यावर घेणार नाही. पण ज्या गोष्टीसाठी तू त्याला चोर ठरवलंस ती माझी होती, आणि मी गप्प बसले. एक दिवस गप्प बसले की दुसरा दिवस जड जातो. मग महिना. मग कोणाला सांगणार? तू नव्हतास. बगळ्याला सांगायचं तर रोज त्याचं तोंड बघायचं. मी त्याच्या मोटरी फुकट बांधत राहिले. तो विचारायचा का, मी म्हणायचे, जुना माणूस आहेस.

कॅसेट सोबत आहे. मी ती परवा दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकली. काही नाही. नुसता वारा.

बगळ्याला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी. आता सांगते.

आत्या

बुधवार, १४ मे

ठोक्या,

सांगितलं.

त्याची मोटर बाकावर उघडी होती, जुन्या कॉइल काढलेल्या, नव्या अर्ध्या भरलेल्या. मी म्हटलं, बस. तो बसला नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं, तुला लिहिलं तसंच, काही कमी केलं नाही. तो ऐकताना घुम्याकडे बघत होता. सगळं झाल्यावर विचारलं, ‘तो गेला त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?’

मी हो म्हटलं.

‘आणि मी सव्वीस वर्षं विचार करतोय की माझ्या बॅगेत असं काय होतं ज्याने कॅसेट पुसली.’

मग त्याने मोटर उचलली. तशीच, तारा लोंबकळत. मी म्हटलं, अरे, अर्धी आहे ती, कोणी घेणार नाही हातात. तो खांद्यावर टाकून गेला. तारेचं एक टोक पायरीवर घासत गेलं, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत होता.

त्याची एक मशीन बंद आहे. बायको हाताने पिळत असेल. मी दोनदा लाँड्रीच्या समोरून गेले, आत गेले नाही.

तुझं कार्ड नाही. पार्सल पोचायला सहा दिवस धरले तर परवाच पोचलं असेल. की अजून नाही? की पोचलं आणि तू वाचून ठेवून दिलंस? रागावलास तर रागाव, मी काही समजूत काढ म्हणत नाही. पण पोचलं का एवढं कळू दे. टपालवालीने काल मला विचारलं, मावशी, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, तू आपलं काम कर.

दुकान तीस जूनला बंद करतेय. हात थरथरतो, बारीक तार आता नीट बसत नाही. आणि हल्ली लोक जळलेली मोटर फेकून नवी आणतात. बाक, अवजारं सगळं जाईल. घुम्या कोणाला द्यावा कळत नाही. भंगारात टाकवत नाही आणि समोर ठेववत नाही.

आत्या

गुरुवार, १२ जून

ठोक्या,

सोमवारी पार्सल आलं. पाकिटावर तुझं अक्षर, खाली घसरणारं. हातात घेतलं तेव्हाच कळलं, कॅसेट आहे. म्हटलं, संपलं. परत पाठवली.

आत नेण्याआधी घुम्याची पिन काढली. नुसती पिन नाही, वायरच सोडवून ठेवली. मग पार्सल टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस त्याच्या बाजूने ये-जा केली. कामात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाची मोटर उलटी फिरायला लागली, तारा जोडताना उलटसुलट केल्या मी. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

बुधवारी उघडलं. चिठ्ठी नाही. तीच कॅसेट, तुझ्या चित्राची. टाकून द्यावी की पेटीत ठेवावी म्हणून उलटी केली, तर वरच्या तोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी.

मी खुर्ची ओढून बसले.

टेपमध्ये घातली. आधी खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि एका मुलीचा, ‘बाबा, लाल दिवा लागलाय, बोलू नका.’ मग तू. एक, दोन, तीन, चार.

तुमचंच तिसरं गाणं. मी ओळखलं. भिंतीपलीकडून शंभरदा ऐकलंय, शिव्या घालत. ड्रम खरे नाहीत, टेबल आणि डबे असावेत. मुलगी गिटार वाजवते, दोनदा चुकते, थांबत नाही. तुझ्यापेक्षा बरी आहे. आणि मधे जिथे बगळा एकटा वाजवायचा, तिथे तुम्ही दोघं थांबलात. अख्खी जागा मोकळी सोडली. नुसता तुझा पाय जमिनीवर मोजतोय, तेवढा ऐकू येतो. मग पुन्हा सगळं सुरू.

मी टेप काखेत मारला आणि लाँड्रीत गेले. बगळा चादरी घडी करत होता. मान वर केली, मला बघितलं, पुन्हा खाली घातली. बोलून झालंय माझं. टेप त्याच्या टेबलावर ठेवला, वायर त्याच्या बोर्डात लावली, बटण दाबलं.

तो घड्या घालत राहिला. मुलीचा आवाज आला तरी घालत राहिला. ती मोकळी जागा आली तेव्हा त्याचा हात थांबला. डावा हात चादरीवर होता. तीन बोटं हलत होती, एक सरळ.

संपल्यावर त्याने स्वतः मागे घेऊन पुन्हा ऐकलं. दोन बायका कपडे घ्यायला आल्या होत्या, त्यांना म्हणाला, पाच मिनिटं थांबा. त्याही थांबल्या.

मग मला म्हणाला, ‘अजून घाई करतो.’

मी म्हटलं, मी हेच लिहिलं होतं त्याला, मार्चमधल्याच पत्रात.

तो म्हणाला, संध्याकाळी मोटर आणून टाकतो. आणि आणली. माझ्याशी नीट बोलत नाही अजून, कदाचित बोलणारही नाही. ते त्याचं बरोबर आहे. पण कॅसेट त्याने ठेवून घेतली. मागितली नाही, ठेवून घेतली. तुला चालेल असं धरलंय.

पेटीत आता एकच आहे, पांढरी. तुझ्या मुलीची आणि माझी. ती टपालाने येणार नाही. पोरीला घेऊन ये आणि हातात घेऊन जा. दुकान तीस तारखेपर्यंत उघडं आहे.

एरवी घाई करतोसच. आता कर.

आत्या